४००००१ ही मूळ संख्या आहे का?

गिरगावकर: फोर्टच्या जीपीओचा पिनकोड ४००००१. दिसायला पक्की मूळ संख्या वाटते. कागदावर कसं तपासायचं? शिवाय ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणजे ती दोन वर्गांची बेरीज असणार ना?

समीकरण: मूळ नाही. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि वजा करा: १ − ४०० = −३९९ (म्हणजेच ४००००१ मधून ४०० × १००१ वजा). १००१ = ७ × ११ × १३, त्यामुळे एकाच वजाबाकीत तिन्ही भाजकांचा निकाल लागतो. ३९९ ला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने नाही. म्हणून ४००००१ = ७ × ५७१४३.

गिरगावकर: आणि ५७१४३?

बाकी_शून्य: ती मूळ आहे, पण इथे घाई नडते. २३९ चा वर्ग ५७१२१, म्हणजे फक्त २२ ने कमी. भाजक वर्गमुळापर्यंत शोधायचे असतात, त्यामुळे २३९ पर्यंतच्या सगळ्या ५२ मूळ संख्या तपासाव्या लागतात. २३३ ला थांबलात तर उत्तर बरोबर येईल, पण सिद्धता अपुरी. ७ ने पुन्हा भागायलाही लोक विसरतात (बाकी २ उरते).

समीकरण: वर्गांचं राहिलंच. 'बाकी १' ही कसोटी मूळ संख्यांपुरती. इथे ७ आणि ५७१४३ दोघांचीही ४ ने बाकी ३; ३ × ३ = ९, म्हणून गुणाकाराची बाकी १ दिसते, फसवी. बाकी ३ असलेला मूळ अवयव विषम वेळा आला की दोन वर्ग जमतच नाहीत.

बाकी_शून्य: म्हणजे ४००००१ चे भाजक चारच: १, ७, ५७१४३ आणि ती स्वतः. त्यांची बेरीज (१ + ७) × (१ + ५७१४३) = ८ × ५७१४४ = ४५७१५२.