मानसोपचारातले क्रेडिट तास: शिकणं होतंय की नुसती हजेरी?

कान_देऊन (धागाकर्ता)

लायसन्स रिन्यू करायला ठराविक क्रेडिट तास, म्हणजे कोर्स करून मिळवलेले शिक्षणाचे तास, दाखवावे लागतात. ती तारीख जवळ आली की थेरपिस्टांच्या ग्रुप्सवर एकच प्रश्न फिरायला लागतो, लवकर संपणारा क्रेडिट कोर्स कुठला आहे. विषय काय, शिकवतंय कोण, आपल्याला त्याची गरज आहे का, हे कुणी विचारत नाही. वेबिनार लावायचा, म्यूट करून मेल उरकायचे, शेवटी परत परत देता येणारी क्विझ आणि मग सर्टिफिकेट डाउनलोड. याला शिक्षण म्हणायला माझा ठाम विरोध आहे, कारण समोर बसलेला माणूस घरात कुणाला न सांगितलेल्या गोष्टी आपल्याला सांगतो ते आपल्याला हे काम येतंय या भरवशावर.

माझं म्हणणं सरळ आहे. तासांची अट काढा आणि त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या खऱ्या सेशन्सचं रेकॉर्डिंग, क्लायंटच्या लेखी परवानगीने, दुसऱ्या जाणकाराला ठराविक काळाने ऐकवणं सक्तीचं करा.

विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास बघा. व्यसनमुक्तीत काम करणारे १४० लायसन्सधारक घेतले, काहींना मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं (बदलायची इच्छा क्लायंटच्याच बोलण्यातून बाहेर काढायची पद्धत) फक्त वर्कशॉप, काहींना वर्कशॉपनंतर फीडबॅक किंवा कोचिंग किंवा दोन्ही, आणि मग सगळ्यांच्या टेप ऐकून गुण दिले. फीडबॅक आणि कोचिंगवाल्यांचं कसब जास्त वाढलं. पण मला खरं हादरवलं ते पुढच्याने. "मला हे किती जमतं" याबद्दल लोकांनी स्वतः जे सांगितलं त्याचा टेपवर दिसलेल्या कामाशी काही संबंधच नव्हता. २०१२ च्या एका सर्व्हेतही तेच, १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांना विचारलं की इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे, तर एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही. मग कुठला कोर्स हवा हे आपलं आपण ठरवायचं तरी कशाच्या जोरावर?

गवाक्ष

असहमत, आणि जरा सविस्तर लिहिते.

मिलरचा जो अभ्यास तुम्ही दिलात त्यातच नुसतं वर्कशॉप केलेलेसुद्धा वेटिंग लिस्टवर आपलं आपण शिकणाऱ्यांपेक्षा पुढे गेले होते, ते तुम्ही लिहिलं नाहीत. म्हणजे वर्कशॉप कमी पडतं हे खरं, ते वाया जातं हे खरं नाही.

आता तुमच्या सक्तीच्या सुपरव्हिजनबद्दल, म्हणजे आपलं काम दुसऱ्या जाणकाराला दाखवून त्याच्याकडून शिकण्याबद्दल. ज्याला टेप ऐकवणार तो स्वतः वीस वर्षांपूर्वी जे शिकला तिथेच थांबला असेल तर? उदाहरण देते. आत्महत्येचे विचार असलेल्या माणसाकडून "मी स्वतःला इजा करणार नाही" असं लिहून घ्यायचं, ही पद्धत कित्येकांना त्यांच्या सीनियर्सनीच शिकवली. तिचा उपयोग होतो याला धड पुरावा नाही, उलट कागदावर सही आहे म्हणून थेरपिस्टच निर्धास्त होतो. त्याऐवजी आता स्टॅन्ली आणि ब्राउन यांचा सेफ्टी प्लॅन वापरतात, धोक्याची चाहूल कशी लागते, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाकडे किंवा कुठे गेलं की मन दुसरीकडे वळतं, मदत कुणाकडे मागायची, कुठल्या प्रोफेशनलला फोन करायचा, आणि घरातली धोक्याची साधनं दूर कशी करायची, हे सगळं त्या माणसाच्याच शब्दांत बसून लिहायचं. २०१८ च्या अभ्यासात इमर्जन्सी विभागात हा प्लॅन आणि नंतर फोनवरून विचारपूस एवढ्यावर पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. ही माहिती जुन्या सुपरवायझरकडून येणार नाही, ती कोर्समधूनच येणार. मोठ्या अपघातानंतर त्यातून गेलेल्या प्रत्येकाला एकेकटं बसवून एकाच सेशनमध्ये घडलेलं बोलायला लावायचं, त्याचंही तेच. २००२ च्या कोक्रेन आढाव्याने (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) सांगितलं की यामुळे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास, टळत नाही, काहींना उलट त्रासच जास्त होऊ शकतो. तरी करणारे करतातच. अट नसेल तर सीनियरची चूक शिकणाऱ्याकडे आणि त्याच्याकडून पुढे अशी जात राहणार.

गोधूली

मी सुपरव्हिजन करते. गवाक्ष यांचा मुद्दा पटला पण माझा कल धागाकर्त्याकडे आहे, का ते सांगते. प्रसंग ओळखू येणार नाही इतका बदललाय.

एका शिकाऊ थेरपिस्टच्या नोंदीत लिहिलं होतं, "झोपेची तक्रार, झोपेच्या सवयी समजावून सांगितल्या." व्यवस्थित नोंद, कुणीही पास करेल. टेप लावली तर क्लायंट म्हणतोय, "झोप लागत नाही, आणि लागली तरी उठायचं कशासाठी." पुढे दोन-तीन सेकंद शांतता. आणि मग थेरपिस्टचा आवाज, "रात्री साधारण किती वाजता झोपता?"

त्या मुलीने सुइसाइड रिस्कचा कोर्स केलेला होता, सर्टिफिकेट होतं, प्रश्न कसे विचारायचे तोंडपाठ होतं. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिच्या कानात शिरलाच नाही, म्हणून तो नोंदीत आला नाही, आणि नोंद वाचून मलाही तो कधीच कळला नसता. टेप थांबवून परत लावली तेव्हा तिला स्वतःलाच ऐकू आलं, मला बोलावंच लागलं नाही. क्लायंटला लगेच फोन केला, नीट विचारलं, पुढचं सगळं झालं. हे कुठल्या वेबिनारमध्ये शिकवणार?

रात्रपाळी

तुम्ही सगळे ओपीडीतल्या, बऱ्यापैकी स्थिर, आपण होऊन आलेल्या क्लायंटचा विचार करताय. मी वॉर्डात काम करतो. ज्या पेशंटला वाटतंय की भिंतीत माइक लावलेत त्याच्यासमोर मी रेकॉर्डर ठेवू? आणि परवानगी घेतली असं म्हणायचं पण जो माणूस माझ्या सहीशिवाय बाहेर पडू शकत नाही त्याची परवानगी किती खरी? सक्ती केलीत तर लोक सोप्या केसेसच टेप करतील, जिथे चुका होतात त्या सेशन्स कधी पुढे येणारच नाहीत.

आमच्याकडे शिकवायचं तर रोल-प्ले हवा, टीमसकट हवा. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, दारात कुठे उभं राहायचं, नर्सने आणि मी एकाच वेळी बोलायचं नाही, हे उभं राहून, करून बघूनच येतं. यालाही क्रेडिट मिळायला हवं आणि बहुतेक ठिकाणी ते मिळत नाही.

तासांबद्दल एक माहिती. ब्रिटनमध्ये हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या सायकॉलॉजिस्टना तासांचा कोटा नाही. काय शिकलो आणि त्याने कामात काय फरक पडला याची नोंद ठेवायची, मग २.५ टक्के लोक निवडून त्यांच्याकडून तपशील मागवतात. आणि तिथल्याच बीएसीपी या समुपदेशकांच्या संस्थेत प्रॅक्टिस करणाऱ्या अ‍ॅक्रेडिटेड (मान्यताप्राप्त) सभासदाला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन, मग तो कितीही सीनियर असो. म्हणजे मधला रस्ता आहे.

साधी_वाचक

मी थेरपिस्ट नाही, थेरपी घेतलेली आहे. बोलू का नको असं झालं होतं पण इथे सगळे आमच्याबद्दलच बोलताय म्हणून लिहितेय.

माझ्याकडून एकदा रेकॉर्डिंगची परवानगी घेतली होती. फॉर्मवर "प्रशिक्षणासाठी" एवढंच. कोण ऐकणार, किती जण, मी त्यांना ओळखत असेन तर काय, नंतर फाइलचं काय होणार, काहीच नाही. मी सही केली कारण नाही म्हटलं तर मॅडमना वाईट वाटेल असं वाटलं. पुढची दोन-तीन सेशन्स मी सांभाळून बोलले.

दुसरं, तुमच्या या सगळ्या वादात मला कुणी विचारलंय का? सेशन संपल्यावर आज बरं वाटलं का, तुमचं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटलं का, एवढंच कुणी विचारलं असतं तरी मी खूप काही सांगितलं असतं.

कान_देऊन (धागाकर्ता)

साधी_वाचक ताई, लिहिलंत ते फार बरं झालं. त्यासाठी साधनं आहेत, सेशन रेटिंग स्केल म्हणून चार प्रश्नांचा कागद आहे, एक-दोन मिनिटांत होतो. आणि त्याची गरज किती आहे बघा. २००५ च्या एका अभ्यासात थेरपिस्टांना विचारलं की तुमच्या क्लायंटपैकी कुणाची अवस्था बिघडेल. ५५० पैकी त्यांनी ३ जण सांगितले. प्रत्यक्षात ४० बिघडले, आणि त्यातला एकच आधी ओळखला गेला होता. म्हणून नुसतं आपल्या अंदाजावर चालायचं नाही हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं.

फॉर्मबद्दल, कोण ऐकणार त्याचं नाव, ऐकून झाल्यावर फाइल कधी पुसणार ती तारीख, आणि नाही म्हटलंत तर उपचारात काही फरक पडणार नाही हे थेरपिस्टने नाही तर दुसऱ्या कुणीतरी सांगणं, एवढं तरी हवंच. रात्रपाळी, वॉर्डासाठी रोल-प्ले चालेल, पण तोही कुणीतरी बघून गुण देणारा हवा.

गवाक्ष, नवी माहिती पोचायलाच हवी यात दुमत नाही. पण त्याला तास कशाला मोजायचे? दर रिन्यूअलला बदललेल्या गोष्टींची यादी द्या, त्यावर केस देऊन परीक्षा घ्या. ज्याला येतं तो तासाभरात सुटेल, ज्याला येत नाही तो शिकेल.

गवाक्ष

फॉर्मचं पूर्ण पटलं. परीक्षेचं नाही पटत. बदललेल्या गोष्टींची यादी करणार कोण? आमच्या क्षेत्रात एका पद्धतीचा माणूस दुसऱ्या पद्धतीला विज्ञान मानायला तयार नसतो, यादी ज्याच्या हातात त्याची पद्धत अभ्यासक्रमात आणि बाकीचे बाहेर. तासांमध्ये निदान मला काय शिकायचं ते मी निवडते, आणि मी निवडलेलं फुकट गेलेलं नाही, तो सेफ्टी प्लॅन मी अशाच एका सक्तीच्या कोर्समध्ये शिकलेय. तासांपैकी निम्मे सुपरव्हिजनला द्या म्हणाल तर मी आत्ता सही करते, सगळे काढा म्हणाल तर नाही.

गोधूली

निम्मे चालतील, पण मग सुपरवायझरलाही तेच लागू करा. माझं सुपरव्हिजनचं सेशन कुणी ऐकलंय असं आजवर झालेलं नाही.