'अहो' म्हणायला तुम्हाला कोणी शिकवले?

काल दसऱ्याला माझ्या सहा वर्षांच्या मुलीने घरातल्या वडीलधाऱ्यांना आपट्याची पाने देऊन नमस्कार केला आणि उरलेली पाने घेऊन ती जिना झाडणाऱ्या काकांकडे धावली, तेव्हा मला आजी आठवली. 1986 साली मी दारावर आलेल्या बोहारणीला 'ए बाई, थांब' अशी हाक मारली होती. आजी रागावली नाही. 'बसा, पाणी घ्या' असे तिला म्हणून तिने पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला. त्यानंतर मी कोणत्याही मोठ्या माणसाला अरे-तुरे केलेले नाही. आपलेही अनुभव कृपया लिहावेत.

— आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती झाले की सर्वांच्या पाया पडण्याचा नियम होता. एका नातेवाइकांची मला फार भीती वाटत असे, तरीही मला पुढे ढकलले जाई. माझा मुलगा नको म्हणाला, तर मी त्याला लांबूनच हात जोडू देते.

— ताई, आपण योग्य तेच करता. माझ्या मनातही असा एक नमस्कार अजून सलतो.

— मी नऊ वर्षांचा असताना बाबांबरोबर आळंदीहून वारीला निघालो होतो. सत्तरीचे एक वारकरी 'माउली' म्हणून माझ्या पाया पडले आणि मी घाबरून बाबांच्या मागे लपलो. 'अरे, तूही वाक,' एवढेच बाबा म्हणाले. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे पुढे पंढरपूरपर्यंत मी रोज पाहिले.

— आम्ही 'ए आई' आणि 'अहो बाबा' म्हणत वाढलो. 'आजीचा मान कमी होता का?' असे मुलीने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आता ती आम्हा दोघांनाही 'ए' म्हणते. माझ्या सासऱ्यांना ते अजून रुचलेले नाही.

— आम्ही परदेशात राहतो आणि इंग्रजीत सर्वांना एकच 'यू' असल्यामुळे मुलाचा गोंधळ होतो. तो फोनवर 'आजी, तुम्ही जेवलास का?' असे विचारतो. त्याला सुधारू नकोस, असे आईने मला बजावले आहे.

— धाग्याच्या ताई, त्या काकांनी पाने घेतली का?

— हो, झाडू बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी घेतली. त्यातले एक पान तिला परत देत ते म्हणाले, 'तुम्हीही सोने घ्या, ताई.'