अनुभव धागा: उणे २० डिग्रीत सकाळी गाडी कशी सुरू करता?

पुण्या-मुंबईच्या गाड्या हल्ली जानेवारीत स्पीतीला जातात. मनालीकडचा कुंझुम घाट तेव्हा बंद, त्यामुळे शिमला-किन्नौरमार्गे काझा, स्पीतीतलं मुख्य गाव. दिवसभर गाडी उत्तम पळते आणि सकाळी होमस्टेबाहेर सेल्फ नुसता कण्हतो. लडाख, कॅनडा, फिनलंड, जिथे रोज अशा थंडीत गाडी काढावी लागते तिथल्यांनी लिहा. पेट्रोल की डिझेल ते आधी सांगा. मॉडेलचं कौतुक नको, काय, किती आणि कधी एवढं हवं.

पुणे, गॅरेज (दोन्ही)

निम्मं काम निघण्याआधीचं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. गाडी बंद केल्याकेल्या मोजलं तर आकडा फसवा येतो. व्होल्टेज ठीक दिसलं तरी लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ती किती टिकते ती चाचणी, करून घ्या. उणे १८ला बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल सेल्फकडून जास्त ताकद मागतं. चार वर्षं झालेली बॅटरी पुण्यात कुरकुर करत नाही, काझात करते.

इंजिन ऑइलच्या डब्यावरचा पहिला आकडा (डब्ल्यूच्या आधीचा, थंडीतल्या पातळपणाचा; लहान तितका बरा) बघा. १५डब्ल्यूची सेल्फची चाचणी उणे २०ला होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला, ०डब्ल्यूची उणे ३५ला. म्हणजे १५डब्ल्यू-४० भरलेली जुनी डिझेल एसयूव्ही काझाच्या पहाटे अगदी काठावर असते. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर ५डब्ल्यू टाकून जा.

कूलंट हा आपल्याकडचा खरा घोळ. उन्हाळ्यात पातळी उतरली की लोक नळाचं पाणी ओततात. ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर साधारण उणे ३७पर्यंत गोठत नाही. ग्लायकॉल ३० टक्क्यांवर आलं की उणे १५च्या आसपासच बर्फ धरू लागतो. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणं हाही उपाय नाही, ते उणे १३च्या सुमारास घट्ट होतं. रिफ्रॅक्टोमीटरवर (ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारी छोटी दुर्बीण) एक थेंब टाकला की कळतं. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही काढा.

लेह, लष्करी वर्कशॉपचा अनुभव (डिझेल)

सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पेटत नाही, किंवा पेटून मिनिटाभरात बंद पडतंय, तर बॅटरीला दोष देऊ नका. डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये बसलंय. साध्या डिझेलच्या भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यात ६ आणि उन्हाळ्यात १८ डिग्री आहे. प्रत्यक्षात माल बराच बरा असतो, पण खालून भरून आणलेल्या टाकीच्या भरवशावर उणे २०त झोपू नये. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरमध्ये उणे ३३पर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल आणलं. वर पोचताना टाकी शक्य तितकी रिकामी ठेवा आणि तिथलं भरा. मग दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, नाहीतर फिल्टरमध्ये आणि पाइपात जुनंच डिझेल राहतं.

अँटी-जेल औषध डिझेल पातळ असतानाच टाकायचं, मेण धरल्यावर ते उपयोगी नाही. पूर्वी रॉकेल मिसळत. आजच्या कॉमनरेल (उच्च दाबाच्या) पंपाला आणि इंजेक्टरना डिझेलचंच वंगण लागतं, त्यामुळे ते नको. पेट्रोल तर अजिबात नको. एक जादा डिझेल फिल्टर आणि तो बदलण्याचा पाना जवळ हवा. गोठलेल्या फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं चालतं. टाकीखाली स्टोव्ह पेटवणारे दिसतील, तिकडे बघू नका.

चावी फिरवल्यावर हीटर प्लगचा (डिझेल पेटावं म्हणून सिलिंडर आधी तापवणारा) दिवा विझेपर्यंत थांबा. चावी बंद करून पुन्हा एकदा तेच करा. मगच सेल्फ.

विनिपेग (पेट्रोल)

इथे ब्लॉक हीटर म्हणजे चैन नाही. बहुतेक मोटारींना ४०० ते ६०० वॉटचा असतो, कूलंट गरम करतो, वायर ग्रिलमधून बाहेर लोंबते. उणे १५च्या खाली लावतो. रात्रभर लावण्यात फक्त वीज जाते; टायमरने निघायच्या तीन-चार तास आधी सुरू केला की पुरतो. एक्स्टेन्शन थ्री-पिन आणि बाहेरच्या वापराचीच हवी, घरातली बारीक वायर तापते.

हवामानखात्याचा ‘विंड चिल’ (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी) इंजिनासाठी मोजू नका. वाऱ्याने गाडी लवकर थंड होते, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही.

फिनलंड

आमच्या पार्किंगला ब्लॉक हीटरसाठी घड्याळ लावलेले सॉकेटचे खांब असतात. हीटर किती वेळ लावायचा याचा इथला हिशोब: उणे ५पर्यंत अर्धा तास, उणे १०पर्यंत एक, उणे २०पर्यंत दोन, त्याखाली तीन.

पुणे, गॅरेज (पुन्हा)

स्पीतीत खांब नाहीत, म्हणून क्रम लिहितो. दिवे, ब्लोअर, काचेचा हीटर, चार्जर सगळं बंद. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल सेल्फला ओढावं लागत नाही. सेल्फ जास्तीत जास्त दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. पेट्रोलचा वास आला तर ओव्हरफ्लो झालंय: अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शन गाड्यांत तेव्हा इंधन तुटतं आणि सिलिंडर सुकतात. थंड गाडी चार फूट सरकवून लगेच बंद करणं हे याचं नेहमीचं कारण.

मिनेसोटा

सुरू झाल्यावर वीस मिनिटं उभी तापवू नका. मिनिटभर थांबून हळू चालवा, उभ्या इंजिनापेक्षा लवकर तापतं. सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं असेल तर आधी मोकळं करा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो.

लेह (पुन्हा)

रात्री हँडब्रेक ओढू नका, केबल आणि लायनर गोठतात. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड.

जंपर केबल: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. पण आधी बॅटरीकडे बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० यायच्या आधीच गोठू शकते. पोट फुगलेलं किंवा आत बर्फ दिसला तर जंप देऊ नका, फुटते.

पुणे, गॅरेज

त्यात भर: लिथियमचा छोटा बूस्टर नेत असाल तर तो रात्री गाडीत सोडू नका. उशाशी ठेवा.