आय७-४७७० घेऊ की झिऑन ई५-१६५० व्ही२? ड्रोन सर्व्हेच्या प्रोसेसिंगसाठी

नकाशेवाला (सातारा)

नमस्कार मंडळी,

माझं काम ड्रोन सर्व्हेचं. खडी क्रशरवाल्यांना खाणीचं माप काढून देणं, प्लॉटिंगचे नकाशे, कधी माण-खटावकडचा एखादा पाझर तलाव. उडवायचं काम तासाभरात आटपतं, खरी रात्र जाते ती फोटो जोडण्यात. सध्या १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, उबंटूवर वेबओडीएम (फोटो जोडून नकाशा करणारं सॉफ्टवेअर, थोडक्यात ओडीएम). अडीचशे-तीनशे फोटोंच्या पुढे गेलो की प्रोसेस मध्येच मरते. आणि आता कामं येतायत ती सात-आठशे फोटोंची, एक तर बाराशेच्या घरात जाईल.

नव्या मशीनचं बजेट नाही. विकतच्या सॉफ्टवेअरचंही नाही, तो सल्ला कृपया नको. जुन्या मशीनच्या दुकानात दोन डबे बघून ठेवलेत.

पहिला ऑप्टिप्लेक्स ९०२०, मोठा टॉवर. आय७-४७७०, १६ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. साडेअकरा हजार.

दुसरा एचपी झेड४२०. ३२ जीबी ईसीसी रॅम (बिटची चूक स्वतः दुरुस्त करणारी), क्वाड्रो के२००० ग्राफिक्स कार्ड, डिस्क नाही. सतरा हजार. याच्यावर स्टिकर ई५-१६२० चा आहे, पण दुकानदार म्हणतो, "त्याच पैशात सहा कोरचा १६५० व्ही२ बसवून देतो."

नेटवरची तुलनेची पानं वाचून डोकं फिरलंय. एकीकडे ४७७० हिरवा, म्हणजे सरस, खाली गेलं की झिऑन हिरवा. पुण्याचा मेव्हणा आयटीत आहे, तो म्हणतो सर्व्हरचं भंगार घरात आणू नकोस, वीजबिल बघून बहीण हाकलून देईल. कुणी प्रत्यक्ष वापरलेत का हे दोन्ही?

---

लोखंडी डबा (पिंपरी)

वापरलेत. फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगसाठी आमच्याकडे दोन्ही जातीची मशीन्स आहेत, अजून पळतायत.

आधी तो हिरवा-लाल घोळ मिटवतो. दोन्ही २०१३ चे, पण एका पिढीचे नाहीत. ४७७० जूनमध्ये आला, इंटेलच्या हॅसवेल पिढीचा. १६५० व्ही२ सप्टेंबरमध्ये आला, तरी आतलं डिझाइन आयव्ही ब्रिजचं, म्हणजे डेस्कटॉपवर २०१२ मध्येच आलेलं. वर्कस्टेशनच्या चिप्स नेहमी अशाच एक पाऊल मागून येतात. दोघांचाही टर्बो, म्हणजे कमाल वेग, ३.९ गिगाहर्ट्झ, पण तेवढ्याच वेगाला हॅसवेल साधारण दहा टक्के जास्त काम उरकतो. म्हणून एका कोरच्या चाचणीत ४७७० हिरवा. सगळे कोर जुंपले की चाराला सहा, आठ थ्रेडला बारा, ८ एमबी कॅशेला १२. तिथे झिऑन पुढे, माझ्या अंदाजाने तीस-पस्तीस टक्के. नवा असताना झिऑनची किंमत आय७ च्या जवळपास दुप्पट होती, ती याचसाठी. २०१३ च्या त्या काळ्या नळकांड्यासारख्या मॅक प्रोमध्ये सहा कोरवाल्यांना हीच चिप मिळायची.

तुमच्या कामात दोन्ही तऱ्हा येतात. फोटोंमधली वैशिष्ट्यं शोधणं आणि डेन्स पॉइंट क्लाउड (जागेचा दाट ठिपक्यांचा त्रिमितीय साचा), इथे सगळे कोर राबतात. मधला टप्पा, जिथे एकेक कॅमेरा जागेवर बसवत मॉडेल वाढत जातं, तो बराचसा एकाच कोरवर रांगतो. तिथे झिऑनचे बाकीचे पाच कोर माश्या मारत बसतील. त्यामुळे पूर्ण कामात तीस टक्के हातात पडतील असं धरू नका.

पण खरं सांगू का, तुम्ही प्रश्नच चुकीच्या भागाचा विचारताय. तुमची प्रोसेस हळू चालत नाही, ती मरते. ती प्रोसेसरमुळे मरत नाही, रॅम संपते म्हणून मरते. ओडीएमच्याच माहितीत ढोबळ हिशेब दिलाय: २५० फोटोंना १६ जीबी, ५०० ला ३२, १५०० ला ६४. तुम्ही अडीचशे-तीनशेला अडकताय म्हणता, बघा, बरोब्बर तिथेच. आता ४७७० ची कमाल मर्यादा ३२ जीबी. दुकानदार काय वाटेल ते सांगो, त्याच्या मेमरी कंट्रोलरला त्यापुढे मोजताच येत नाही. म्हणजे ऑप्टिप्लेक्स पूर्ण भरलात तरी पाचशेच्या आसपास थांबणार. झेड४२० ला आठ स्लॉट, कंपनीच्या कागदावर ६४ जीबी. तुमचं बाराशे फोटोंचं काम त्यात बसतं.

शिवाय मेमरीचे चार चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारे चार रस्ते. कागदावर ५९.७ जीबी प्रति सेकंद, ४७७० ला दोन चॅनलवर २५.६. आणि ईसीसी. रात्रभर चालणाऱ्या कामात एखादा बिट उलटला तर तो जिथल्या तिथे दुरुस्त होतो. खाणीच्या मापावर रॉयल्टीचा हिशेब होत असेल तर मला तरी ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

झिऑनच्या विरुद्ध काय? त्याच्यात एव्हीएक्स२ (आकडेमोड झपाट्याने उरकणाऱ्या सूचनांचा संच) नाही. नवी काही सॉफ्टवेअर ते मागतात. ओडीएमचं अडत नाही. आतलं ग्राफिक्सही नाही, म्हणून कार्ड काढलं की स्क्रीन काळी. के२००० कडून स्क्रीन दाखवण्यापलीकडे काही अपेक्षा ठेवू नका, एनव्हिडियाने त्या पिढीला ४७० नंतरच्या ड्रायव्हरमधून वगळलंय. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत दोघेही नाहीत, पण तुम्ही उबंटूवाले, तुम्हाला काय त्याचं.

झेड४२० घ्या.

---

रीडिंग (नाशिक)

दादा, लोखंडी डब्यांचं मत वाचलं, पण मी ४७७० वरच ओडीएम चालवते आणि हजारच्या वरचे सेट काढते. ३२ जीबीतच. त्यात स्प्लिट-मर्ज आहे. एका तुकड्यात साधारण किती फोटो घ्यायचे ते सांगायचं, तुकड्यांनी एकमेकांवर किती मीटर चढायचं ते सांगायचं, ते स्वतः तुकडे करून शेवटी जोडून देतं. मी चारशेचे तुकडे करते. वेळ जास्त जातो, पण मरत नाही. एवढंच की जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट (जागा मोजून ठेवलेल्या खुणा) नीट पसरलेले हवेत, नाहीतर तुकड्यांच्या सांध्यावर उंचीत पायरी दिसते. द्राक्षबागेत ते चालून जातं, खाणीच्या घनफळात चालणार नाही, हे मान्य.

विजेचं मी मीटर लावून बघितलंय. माझा टॉवर नुसता बसून असला तर ३५ वॉटच्या आसपास. मैत्रिणीकडचा झेड४२० कार्डासकट ८० च्या खाली येत नव्हता. रोज दहा तास चालू धरलं तर महिन्याला तेरा-चौदा युनिटचा फरक. घरातलं बिल आधीच ३०० युनिटच्या काठावर असेल तर हे वरच्या स्लॅबात ढकलतं, तेवढं बघा. काम चालू असताना मात्र झिऑन जास्त ओढतो आणि लवकर संपवतो, तिथे फार फरक राहत नाही. तेव्हा मेव्हण्याला सांगा, वापर झाला की बंद करायचं बटण दोन्ही मशीनला आहे.

ऑप्टिप्लेक्स घेतलात तर पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड विसरा. पॉवर सप्लाय २९० वॉटचा, कार्डाला वेगळी वायरच येत नाही त्यातून. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात त्यात भागणारं कार्डच बसेल.

---

लोखंडी डबा (पिंपरी)

ताई, स्प्लिट-मर्जचा मुद्दा बरोबर. पण त्यांचं मुख्य काम खाणीचं आहे. सांध्यावरची पायरी ट्रकच्या हिशेबात येते हो.

---

जुना माल (लॅमिंग्टन रोड)

सगळे प्रोसेसरवर भांडताय, दुकानदाराच्या वाक्याकडे कुणाचं लक्ष आहे का? स्टिकर १६२० चा, आणि "१६५० व्ही२ बसवून देतो". हे नेहमी होत नाही, साहेब.

झेड४२० चे बोर्ड दोन प्रकारचे आलेत. सुरुवातीच्या बोर्डांवर बूट ब्लॉकची (मशीन चालू करणारा बोर्डावरचा पहिला प्रोग्राम) तारीख २०११ ची आहे, त्यावर फक्त पहिल्या पिढीचे ई५ चालतात. व्ही२ ला २०१३ चा बूट ब्लॉक लागतो. बायॉस कितीही नवा टाका, बूट ब्लॉक त्यानं बदलत नाही. व्ही२ बसवलात तर मशीन चालूच होणार नाही आणि दुकानदार म्हणेल प्रोसेसर खराब निघाला, दुसरा लावतो. असे डबे माझ्याकडे परत आलेत.

बघायचं कसं: मशीन चालू करताना एफ१०, मग फाइलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन. तिथे बूट ब्लॉक डेट लिहिलेली असते. ०३/०६/२०१३ असेल तर डोळे झाकून घ्या. तारीख अमेरिकन पद्धतीची आहे, महिना आधी, म्हणजे ६ मार्च. १२/२८/२०११ असेल तर व्ही२ विसरा.

दुसरं, रॅम. आत्ता जी ३२ जीबी आहे तिचं लेबल वाचा. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम बाजारात मातीमोल मिळते म्हणून लोक उचलतात, पण रजिस्टर्ड आणि अनबफर्ड (रॅमच्या दोन वेगळ्या जाती) एकाच मशीनमध्ये एकत्र चालत नाहीत. आहे त्याच जातीची वाढवा. ऑप्टिप्लेक्सला तर रजिस्टर्ड चालतच नाही.

आणि झेड४२० ला एसएसडी लावताना ६ गिगाबिटचे साटा पोर्ट दोनच आहेत, बाकीचे ३ चे. बोर्डावर बघून लावा. एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी) कार्डावर बसवून डेटासाठी वापरता येते, पण तिच्यावरून बूट करायचा हट्ट धरू नका.

---

नकाशेवाला (सातारा)

आभारी आहे सगळ्यांचा. दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावून एफ१० दाबायला लावलं. आधी कुरकुरला, "एवढं कुणी बघत नाही" म्हणाला. तारीख निघाली १२/२८/२०११.

आता म्हणतो की मग व्ही२ राहू दे, साधा १६५० बसवतो, तोही सहाच कोरचा. किंमत तीच. रॅमचं लेबलही वाचून घेतलं, ८ जीबीच्या चार पट्ट्या, ईसीसी अनबफर्ड. साधा १६५० घेतला तर ४७७० समोर कितपत टिकतो?

---

लोखंडी डबा (पिंपरी)

जुना मालवाल्यांना चहा पाजा आधी.

साधा १६५० म्हणजे सँडी ब्रिज, २०१२ चा, ३२ नॅनोमीटरचा. ३.२ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.८. १३० वॉटच खातो. हॅसवेलच्या दोन पिढ्या मागे, त्यामुळे सगळे कोर लावूनही ४७७० च्या पुढे फार तर वीस टक्के, आणि त्या एका कोरच्या टप्प्यात सरळ मागे. नुसत्या प्रोसेसरवर निर्णय असता तर मी आता ऑप्टिप्लेक्स म्हटलं असतं.

पण रॅमचा हिशेब जिथल्या तिथेच आहे. बोर्ड ६४ घेतो, चारही चॅनल आहेत, ईसीसी आहे. बाराशेचं काम हातात असेल तर अजूनही झेड४२०, फक्त सतरा हजाराला नाही. व्ही२ चं बोलून व्ही१ देतोय, चौदा म्हणा, साडेचौदापर्यंत या. नाही ऐकला तर २०१३ च्या बोर्डाचा दुसरा डबा शोधा, पुण्यात मिळतात.

आणि हो, घेतलात की झाकण उघडून बघा, त्या चार पट्ट्या चार वेगळ्या चॅनलवर आहेत ना. दुकानात घाईत सगळ्या एका बाजूला खोचतात. कुठल्या क्रमाने लावायच्या त्याचं चित्र झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. पुढच्या चार घेताना ८ जीबीच्या, ईसीसी अनबफर्ड, असं लिहून न्या दुकानात. तोंडी सांगू नका.

---

रीडिंग (नाशिक)

आणि ६४ झाले तरी बाराशेचा सेट लावताना एसएसडीवर ३२ जीबीचा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा. ओडीएमचा हिशेब रॅम अधिक स्वॅप असा असतो. क्रशरच्या फोटोंत धूळ असली की पॉइंट जास्त निघतात आणि रॅम अंदाजापेक्षा वर जाते, हा माझा अनुभव.