मदत हवी आहे: स्टार्ट-स्टॉपवाली गाडी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालू करता येते का?

प्रश्न
मुक्काम घाटंजी तालुका, जि. यवतमाळ. स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद, निघताना चालू) डिझेल कार, तीन आठवडे उभी होती. सेल्फ मारला की नुसती कटकट. मल्टिमीटरवर 11.4 व्होल्ट. दारात ट्रॅक्टर आहे, कापूस भरायला आलेला ट्रकही. निगेटिव्ह टर्मिनलवर वायरवाली चपटी डबी दिसते, ती कशाची? मिस्त्री म्हणतो, गाडी चालू झाली की बॅटरी काढून डायनॅमो चेक करू. काढू द्यावी का?

वऱ्हाडी पाना
अजिबात काढू देऊ नका भाऊ. जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. आता चालू इंजिनवर टर्मिनल काढलं, की आल्टरनेटरचा (मिस्त्री म्हणतो तो डायनॅमो) करंट एकदम अडतो आणि व्होल्टेज क्षणात 40च्या वर उसळू शकतं. त्यात ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो. त्यापेक्षा गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून मीटर धरा. साधारण 13.8 ते 14.5 दिसलं, तर चार्जिंग होतंय.

ट्रकला हात लावू नका, त्याचं काम 24 व्होल्टवर चालतं. त्यात 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. कोणी सांगेल, दोनपैकी एकाच बॅटरीवरून घ्या. पण जी बॅटरी बॉडीला थेट जोडलेली नाही, तिचा निगेटिव्ह ट्रकच्या बॉडीपेक्षा 12 व्होल्ट वर असतो. दोन गाड्या एकमेकींना टेकल्या की शॉर्ट.

ट्रॅक्टर चालेल. बॅटरीवर 12 व्होल्ट लिहिलंय ते बघा आणि ट्रॅक्टर बंदच ठेवा, जुन्या रेग्युलेटरचा भरवसा नसतो.

लाल चिमटा आधी कारच्या पॉझिटिव्हला, मग ट्रॅक्टरच्या पॉझिटिव्हला. काळा ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक कारच्या इंजिनवरच्या बिनरंगाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडते ती याच जोडणीत, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. ती डबी म्हणजे बॅटरी सेन्सर, करंटचा हिशेब ठेवते. चिमटा थेट निगेटिव्ह खुंटीला लावला तर तो हिशेब चुकतो.

पाच मिनिटं थांबून सेल्फ मारा, एका वेळी पाच-सात सेकंदच. चालू झाली की कारचा ब्लोअर लावा आणि केबल उलट्या क्रमाने काढा. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल, तर यातलं काहीच करू नका.

प्रश्नकर्ता
बाजारात 500 अँपियर लिहिलेली केबल स्वस्तात मिळते. घेऊ?

टर्मिनल
छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. रबर जाड आणि आत बारीक तार, असा माल भरपूर आहे. डिझेलला 25 चौरस मिमी तांबं लागतं. केबल हाताला गरम लागली की समजा, करंट वाटेतच खर्च होतोय.

पुढे बॅटरी काढायची वेळ आली तर इंजिन बंद, चावी खिशात आणि काचा थोड्या खाली. दहा-पंधरा मिनिटांनी, गाडीतले मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक डबे) झोपले की, 10 नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आधी खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पानाच वेल्डिंग होतो. बसवताना निगेटिव्ह शेवटी. नंतर काचांचं ऑटो फंक्शन पुन्हा सेट करावं लागू शकतं.

प्रश्नकर्ता
अर्धा तास चालवली की भरेल ना?

वऱ्हाडी पाना
नाही. रात्रभर चार्जरवर ठेवा. चार्जरचा काळा चिमटासुद्धा बॉडीलाच. मग सात-आठ तास तशीच ठेवून मोजा: 12.6च्या आसपास असेल तर ठीक, 12.2च्या खाली उतरली तर बदला. नवीन घेताना जुनी एजीएम आहे की ईएफबी (स्टार्ट-स्टॉपसाठीच्या बॅटरीचे दोन प्रकार) ते बघून तीच घ्या, साधी स्टार्ट-स्टॉपला टिकत नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना, 45 अंशांत तर आणखीच लवकर जाते.