न्यूरो पीटी (फिजिकल थेरपी) रेसिडेन्सी: पगारापेक्षा मेंटॉरिंग बघा
एक प्रश्न आलाय की अमेरिकेत डीपीटी (फिजिकल थेरपीची डॉक्टरेट) झाल्यावर न्यूरो रेसिडेन्सी (मेंदू-मज्जासंस्थेच्या पेशंट्सवर काम करत घ्यायचं पुढचं प्रशिक्षण) करायची की सरळ नोकरी धरायची, कारण एनसीएस (न्यूरो स्पेशलिस्टचं सर्टिफिकेट) परीक्षेला तर तसंही बसता येतं. बसता येतं हे खरंच, न्यूरो पेशंट्सबरोबर 2000 तास थेट काम झालेलं असलं की रेसिडेन्सी लागत नाही. पण मला विचाराल तर जमत असेल तर कराच. एबीपीटीआरएफईच्या (पीटी रेसिडेन्सींना मान्यता देणारी अमेरिकन संस्था) नियमाप्रमाणे रेसिडेन्सीत किमान 150 तास मेंटॉरिंग मिळतं, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे तुम्ही पेशंट बघताय आणि अनुभवी थेरपिस्ट शेजारी उभा राहून विचारतोय की स्ट्रोकनंतर हा पाय ओढत चालतो तो ताकद कमी म्हणून, स्पास्टिसिटीमुळे (स्नायू ताठर झाल्यामुळे), की संवेदनाच गेलीये म्हणून? नोकरीत एकामागून एक पेशंट असतात, असं थांबून विचारायला कोणाला वेळ नसतो हो.

पगार वर्षभर कमी मिळतो, कर्ज डोक्यावर असेल तर ते जड जातं, मान्य. फक्त प्रोग्राम निवडताना स्पायनल कॉर्ड, व्हेस्टिब्युलर (आतल्या कानामुळे चक्कर, तोल जाणं), पार्किन्सन्स असे वेगवेगळे पेशंट बघायला मिळणार का आणि मेंटॉर खरंच सोबत असतो का, हे सध्याच्या रेसिडेंट्सना फोन करून विचारा.