समुद्रकाठच्या शहरात, खिसा सांभाळून: तुमचे अनुभव लिहा

तळ्यात_मळ्यात
काल पुतणीचा फोन आला. चौघांना कोकणात जायचंय, तर कुठल्याशा रिसॉर्टने एका रात्रीचा आकडा सांगितला तो ऐकून मी फोनच दुसऱ्या कानाला लावला. म्हटलं अगं रिसॉर्टात कशाला, गावात जाऊन रहा की! रत्नागिरी शहरात. आणि मग भांडी तशीच ठेवून आठवत बसले. ह्यांची नोकरी नवी, पोरं लहान, आणि समुद्र बघायचाच हा माझा हट्ट. एका आजींच्या घरी माडीवरची खोली मिळाली, संडास खाली, पंखा त्याच्या मर्जीने फिरणार. सकाळी आजींचे घावणे खाऊन निघायचं, टिळकांचं जन्मस्थान, तिथे तिकीट नाही, दुपारी ऊन चढलं की पतितपावन मंदिरात गार फरशीवर टेकायचं, संध्याकाळी मांडवी. मांडवीची वाळू काळी आणि किल्ल्याच्या पलीकडे पांढरा समुद्र, म्हणजे पांढऱ्या वाळूचा किनारा, पोरं म्हणाली इकडची धुवायची राहिली का. भगवती किल्ल्यावर चालत गेलो, वरून तिन्ही बाजूंना पाणी. भेळ दोन प्लेट, चौघांत, आणि शेवटच्या पुरीवरून मारामारी.
तुम्हीही लिहा. पॅकेजच्या जाहिराती नकोत.

सोलकढी_जास्त
रत्नागिरीकर हजर! एक सांगते, स्टेशन गावापासून लांब आहे, उतरल्यावर घाईत रिक्षा करू नका, बाहेर रस्त्यावर येऊन एसटी बघा. आणि गणपतीपुळ्याला जाताना आरेवारे मार्गे जाणारी गाडी विचारून घ्या, निवळीवरून गेलात तर लांबही पडतं आणि समुद्रही दिसत नाही. जाताना डावी खिडकी पकडायची. तेवढ्या तिकिटात असा रस्ता मला तरी दुसरा माहीत नाही. पांढऱ्या समुद्राचं म्हणाल तर मिऱ्याच्या बाजूने लाटांनी किनारा फार खाल्लाय, दगडाचा बंधारा आहे आता. पोरांना पाण्यात खेळायचं असेल तर भाट्ये बरं, पण ओहोटी बघून आणि फार आत न जाता.

अर्धं_तिकीट
एसटीवरून आठवलं. मागच्या वर्षी आई, मी, नवरा. आईला पंचाहत्तर पूर्ण म्हणून तिचं तिकीट शून्य, 2023 पासून बायकांना अर्धं म्हणून माझं अर्धं, नवऱ्याचं पूर्ण. कंडक्टरने पैसे सांगितल्यावर नवरा म्हणतो, म्हणजे सगळ्या ट्रिपचा खर्च माझाच की. अख्खी गाडी हसली. आईचं आधारकार्ड मात्र जवळ ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्यासाठी समुद्र म्हणजे मुंबई न बाप्पा. नागपूरहून रात्रीची गाडी, डोंबिवलीला मामाकडे गाद्या टाकायच्या, म्हणजे राहायचा खर्च शून्य, फक्त मामीसाठी संत्र्याची पेटी. मग सकाळची लोकल. मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचे कोणी पैसे घेत नाही, तिथेच घरच्या पोळ्या आणि ठेचा काढला, शेजारी एक जोडपं होतं त्यांना वास सहन होईना तर त्यांनाच एक पोळी दिली 😄 खरी मजा भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचची. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटी झकपक, पण इथे टोपल्या, मोटरसायकली, माणसं सगळं एकत्र, आणि अलिबाग स्वस्तात. मोठा पाऊस लागला की बंद ठेवतात, विचारून जा. मामी आता विचारते काहून येत नाही. संत्री पाहिजे असतील.

मिसळपाव_नको_पोहे
मुंबई-गोवा मांडवी एक्सप्रेसमधलं खाणं कोणीच कसं लिहिलं नाही अजून?? बजेट माझं त्या गाडीतच संपतं. चिपळूण येईपर्यंत कटलेट, वडा, सूप सगळं होतं. बायको म्हणते तू फिरायला नाही, खायला तिकीट काढतोस. बरोबर आहे.

फेरीबोट
पणजी. लोक गोवा म्हटलं की कळंगुट-बागा धरतात आणि मग महाग म्हणून रडतात. आम्ही करमळीला उतरतो, आधी जुन्या गोव्यातली चर्च बघून घ्यायची, तिथून फेरीने दिवाडी बेटावर. फेरीला चालत जाणाऱ्याला पैसे लागत नाहीत! पोरीला इतकं आवडलं की ती म्हणे परत जाऊ, मग परत गेलो, परत आलो, फुकटच होतं. पणजीत फोंतेन्यासच्या गल्ल्या पायी (लोकांची राहती घरं आहेत, खिडकीत डोकावून फोटो काढू नका), मिरामारला संध्याकाळ, नाश्त्याला पातळभाजी आणि पाव, फिरायला कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस. एकदा एका लॉजवाल्याने समोरून बुकिंग घेतलं आणि रात्री दहाला म्हणतो खोली नाही, पोरगी खांद्यावर झोपलेली. शेजारच्या चहावाल्या काकांनी त्यांच्या ओळखीत सोय करून दिली, पहिल्या खोलीपेक्षा स्वस्त आणि वर सकाळचा चहा.

तळ्यात_मळ्यात
@फेरीबोट अगं बाई, पोर घेऊन रात्री दहाला! चहावाल्या काकांचं भलं होवो.

फेरीबोट
अगं नाही, मी बाबा आहे 😀

तळ्यात_मळ्यात
अरे बाबा मग!

वरणभात_वर_लिंबू
शाकाहारी माणसाने काय करायचं तेही लिहा कोणीतरी. दरवेळी "मासे खा मासे खा".

सोलकढी_जास्त
फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, मोदक. उपाशी नाही राहणार. उलट तुमचंच बिल कमी येतं, पापलेट मागवणाऱ्याला विचारा. आणि मासे खाणाऱ्यांनो, खोल्या स्वस्त म्हणून जून-जुलैत याल तर ट्रॉलर बंद असतात, ताजं कमी आणि जे मिळतं ते महाग. खाडीचं मिळालं तर नशीब.

इतिहासाचा_तास
रत्नागिरीतला थिबा राजवाडा राहिला की. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी राज्य घेऊन इथे आणून ठेवलं 1886 मध्ये, राजवाडा बांधून झाला 1910 ला, आणि 1916 मध्ये तो इथेच गेला. म्हणजे तीस वर्षं कोकणात आणि त्यातली बरीचशी भाड्याच्या बंगल्यात. आम्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा धाकटा म्हणाला, राजाचं पण बजेट कमी होतं का. खरंच कमी होतं, पेन्शनवर भागत नव्हतं त्यांचं, दागिने विकायची वेळ आली होती. सोमवारी जाऊ नका, बंद असतो. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, तिकीट किरकोळ, मुलं हलायला तयार नव्हती.

घाईत_आहे
वाचतेय सगळं, कुकरच्या शिट्ट्या मोजत. मे मध्ये गेलं तर आंबे स्वस्त मिळतात का हो तिथे?

सोलकढी_जास्त
हापूस कोकणात पण हापूसच असतो ताई, स्वस्त काही नाही. महिन्याच्या शेवटी पाऊस जवळ आला की दर उतरतात. रायवळ घ्या, चोखून खायचे, पिशवीभर येतात.

मिसळपाव_नको_पोहे
पायरी > हापूस. बोला.

सोलकढी_जास्त
याला कोणीतरी धाग्यातून हाकला.

घाईत_आहे
😂 मी पण पायरीवाली. @तळ्यात_मळ्यात आजींच्या घावण्यांना पीठ आंबवायचं की नाही? माझे तव्याला चिकटतात.

तळ्यात_मळ्यात
नाही गं, आंबवायचं नाही, तांदळाचं पीठ पाण्यात अगदी पातळ. बीड, म्हणजे बिडाचा तवा, कडकडीत तापवायचं, कांद्याने तेल फिरवायचं आणि झाकण ठेवायचं. नॉनस्टिकवर जाळी पडत नाही.

घाईत_आहे
बीड नाहीये माझ्याकडे. सासूबाईंच्या माळ्यावर आहे बहुतेक, विचारते.